दोन शिटांची गाडी

त्या वर्षी दिवाळी झाल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत मी सात वेळा जपानी गाडी बघायला गेलतो. मला गाड्यांतलं काडीचंही कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हसायला नको. हसलं तरी हरकत नाही म्हणा, गाव तर हसून हसून दमलंय.

युसूफ वडगावला आमचं खत-बियाणाचं दुकान आहे, ते मी बघतो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा भाऊ गुत्तेदारी करतो. रस्ते, बंधारे, शाळेच्या भिंती असली सरकारी कामं घेतो. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. त्याची फी, त्याचं कॉलेज, त्याचं पहिलं काम, त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून झालं. तेव्हापासून एक घर, एक चूल, एकच कपाट. आई, मी, माझी मंडळी, तो, धाकटी म्हणजे त्याची बायको, आणि दोघांची मिळून पाच लेकरं. गावात कुठं भावाभावांत कुरबूर झाली की म्हातारी माणसं आमच्या घराकडं बोट दाखवायची, बघा, शिका जरा. ते ऐकायला मला लई गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

आणि भीतीही त्याचीच वाटायची. आमच्या गल्लीत माझ्या डोळ्यांदेखत घरं फुटली. एक बोअरच्या पाळीवरून फुटलं, एक लग्नातल्या आहेरावरून, आणि एक तर म्हशीच्या रेडकावरून. तिथं सख्खे भाऊ आज एकमेकांच्या मयतीलाही लांबच उभे राहतात. मी मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या घरात भांडणाला जागाच ठेवायची नाही. भाऊ काही मागंल ते द्यायचं. 'घे', 'कर', 'जा', एवढेच तीन शब्द मी त्याच्याशी पंचवीस-सव्वीस वर्षं बोललो असंन. आईला शेवटपर्यंत दोन्ही सुना एका चुलीपुढं दिसाव्यात, बस्स, माझी तेवढीच हौस होती.

तर दिवाळीनंतर एक दिवस आम्ही सकाळी जेवायला बसलो होतो. आई समोर, बायका वाढत होत्या. त्यानं मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. लालभडक गाडी, बसकी, तोंड पुढं काढलेली.

"अण्णा, ही घ्यायची म्हणतोय. जपानची हाय. तिकडूनच येती."

"दारं किती?"

"दोन."

"आन शिटा?"

"दोनच."

मी आईकडं बघितलं. आई भाकरी मोडत होती, तिचा हात थांबला. दहा माणसांच्या घरात दोन शिटांची गाडी! माझ्या डोक्यात खरं तर सणक गेली. म्हणावंसं वाटलं, येडा झालास का बे, एकीवर तू बसशील, दुसरीवर कोण बसणार, आई का बायको? पण मी घास गिळला आणि म्हणालो, "घेऊ. त्यात काय."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आनंद मावंना झालाय पोराला. एकेचाळीस वर्षांचा भाऊ मला पोरच वाटायचा, हे एक, आणि माणसाचा चेहरा वाचायला मी कधी शिकलोच नाही, हे दुसरं.

मग सुरू झाली वणवण. पहिली खेप पुण्याची. कळंब, बार्शी, टेंभुर्णी करत गेलो. वाटभर उसाच्या ट्रॉल्या, पुढं जाता येईना का मागं. घरची सात शिटांची जीप, पाठ मोडून गेली. तिथं काचेच्या शोरूममध्ये टाय लावलेला पोरगा त्याला 'सर' म्हणाला आणि मला 'काका'. भाऊ गाडीत बसला, मलाही बसवलं. बसवलं म्हणजे आत सोडलं. गुडघे हनुवटीला लागले. डोळ्यांसमोर रस्ता यायला हवा, तर माझ्यासमोर पाण्याच्या मशीनचा नळ होता. बाहेर काढायला दोघं लागले, एकानं हात धरला आणि एकानं बगलेत हात घातला.

"लई खाली हाय अण्णा," भाऊ म्हणाला. "आपल्या रस्त्याला घासंल. राहू द्या."

"रस्ता करू," मी म्हणालो.

आणि केला! रस्त्यापासून घरापर्यंत दोन टिप्पर मुरूम टाकून रोलर फिरवला. दुकानासमोरचा गतिरोधक मीच ग्रामपंचायतीच्या मागं लागून बसवून घेतला होता, लेकरं रस्ता ओलांडतात म्हणून. तोच मी पुन्हा मागं लागून निम्मा तासून घेतला. सरपंच हसले. माझ्या वर्गातला एकजण दुकानात येऊन म्हणाला, "काय बे, विमान उतरायचंय का तुझ्या दारात?" मी त्याला चहा पाजला. काय करता!

दुसरी खेप हैदराबादची. तिथं एक माणूस बाहेरच्या देशातल्या गाड्या आणून विकायचा. गाडी पांढरी होती, चाकांपर्यंत चकाचक. मागं दोन शिटा होत्या म्हणून मला हायसं वाटलं, तर त्यावर माणूस बसतच नाही. पाय ठेवायला जागाच नाही. त्या शिटा पिशव्या ठेवायला असतात म्हणे. मग कागद बघितले. एका कागदावर इंजिनचा नंबर वेगळा, दुसऱ्यावर वेगळा. भाऊ लगेच म्हणाला, "कस्टमचे कागद पक्के न्हाईत. पासिंगला अडकंल. सोडा नाद." मी म्हणालो, "नाद कशाला सोडायचा? पक्क्या कागदांची हुडकू." बीडला ओळखीच्या वकिलाकडं दोन चकरा मारून मी ते नियम समजून घेतले. बाहेरून जुनी गाडी आणायची तर किती वर्षांची चालते, कोणता दाखला लागतो, कोणता शिक्का लागतो. माझ्या दुकानात खताच्या पोत्यांवरची बारीक अक्षरं मी कधी वाचली नाहीत, पण हे सगळं पाठ केलं.

तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. कुठलं शहर कुठल्या खेपेला ते आता आठवत नाही. सगळ्या शोरूमची फरशी सारखीच, चहा सारखाच, आणि गाडीभोवती गोल गोल फिरणारे आम्ही दोघं भाऊही सारखेच. दर वेळी तो काहीतरी काढायचा. हिचं पेट्रोल आपल्याकडं मिळत नाही. मी म्हणायचो, लातूरहून मागवू. हिचा मिस्त्री मराठवाड्यात नाही. मी म्हणायचो, पुण्याहून बोलावू. आमच्यात नवी गाडी आधी कपिलधारला नेतात, तो म्हणाला, तिथल्या उतारावर हिचं पोट घासंल. मी म्हणालो, "वर लावू की. देव काय खाली येऊन चाकं बघणार हाय?" आईला पहिलं बसवायचं ही आमच्या घरची रीत, ट्रॅक्टर आला तेव्हाही ती बसली होती. आई गुडघ्यांची पेशंट. मी जाऊन तिला विचारलं, ती म्हणाली, "मी बाहेरून हात लावीन रे. तुमी दोघं हसत ऱ्हावा म्हंजे झालं."

माझी बीपीची गोळी वाढली. ढाब्यावरचं तिखट खाऊन पोट बिघडलं. दुकान नोकरांवर पडलं, ऐन रब्बीत. परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो की तो कप हातात धरून म्हणायचा, "अण्णा, एक बोलायचं होतं." आणि मी म्हणायचो, "तू काळजीच करू नको. गाडी घेतल्याशिवाय मी काय बसत न्हाई." मग तो चहा संपवायचा आणि जीपमध्ये जाऊन बसायचा. असं दोनदा झालं, का तीनदा. आज आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्या मंडळीला आधीच शंका आली होती. एकदा पाठीला बाम चोळता चोळता ती म्हणाली, "तुमी गाडीकडं बघू नका. भाऊजींच्या तोंडाकडं बघा."

"कावून? तोंडाला काय झालं त्याच्या?"

"हौस असलेल्या माणसाला जेवण जात नसतंय. भाऊजी तर गाडी न्हाई जमली की दोन भाकरी जास्त खातेत."

मी म्हणालो, तुम्हा बायकांना भलतंच सुचतं. आणि दुसऱ्या दिवशी पनवेलच्या एका माणसाला फोन लावला.

ती सातवी खेप. पनवेलच्या बाहेर पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये गाडी उभी होती. लाल. भावानं दाखवलेल्या फोटोतल्यासारखीच. दोन वर्षांची, कागद एकदम चोख, सगळे शिक्के जागच्या जागी. मालक सभ्य माणूस, हातात जपमाळ, आवाज मऊ. त्यानं गाडी चालू केली तर शेडचे पत्रे थरथरले. भाऊ तिच्याभोवती फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. खाली वाकला, टायर बघितलं, दार उघडलं, लावलं. काहीच सापडेना. शेवटी म्हणाला, "रंग जरा जास्तच लाल हाय."

"बदलून देतो," मालक म्हणाला.

"आवाज बी लई करती."

"लेकरांना आवडंल," मी म्हणालो. "घेऊन टाकू. आणा कागद."

मालक कागद आणायला ऑफिसात गेला. भाऊ आत बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात. मी कण्हत कुथत शेजारच्या शिटेवर उतरलो. दार लावलं तर आत एकदम शांत झालं. बाहेरचं काही ऐकू येईना.

"अण्णा," तो समोर बघत म्हणाला, "एकदा तरी न्हाई म्हणा की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणला?"

"न्हाई म्हणा. चार-पाच म्हैने झाले मी वाट बघतोय. आईसमोर, बायकांसमोर, दोन शिटांची गाडी मागितली. म्हटलं, आता तरी अण्णा भडकतील. शिव्या घालतील. मी ताट सारून उठंन, चार दिस बोलणार न्हाई, मग माझं सामान उचलून वेगळा होईन. आन तुमी? घेऊ म्हणले. मुरूम टाकला! आता मी काय मागू? हत्ती मागू का?"

"वेगळं कावून? माझं काय चुकलं? काय कमी केलं मी तुला?"

"कायच न्हाई. तीच तर तकलीफ हाय. भांडायला तुमी कारणच देत न्हाईत." "एकेचाळीस वर्षांचा झालो मी. चप्पल घ्यायची तरी तुमाला सांगतो, आन तुमी म्हणता, घे. कधीतरी मला माझ्या मनानं घ्यायचं हाय अण्णा. चुकलं तर चुकू द्या. लेकरांना लातूरला ठेवायचं हाय. मला तुमचा राग न्हाई. तुमच्याइतकं कुणी केलं न्हाई माझ्यासाठी. पण जीव गुदमरतो."

"मग सरळ सांगायचं होतंस! मी काय खाल्लं असतं तुला?"

"सरळ?" तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "भांडण न होता भाऊ वेगळा निघाला तर लोक काय म्हणतेत, तुमाला ठाऊक न्हाई का? सुनेनं फोडलं. आईबी तेच म्हणंल. चौदा वर्षं माझ्या बायकोनं त्या घरात एक शब्द उलटा काढला न्हाई. आन मरेस्तोवर तिच्या नावावर ते राहील. माहेरी तिच्या बहिणींची लग्नं अजून व्हायचीत. म्हणून खापर गाडीवर फोडू म्हटलं. गाडीला काय, ना सासर ना माहेर."

मला त्याला एक सणसणीत ठेवून द्यावी वाटली, खरंच. पण त्या गाडीत हात वर करायलाही जागा नव्हती. मग मला रडू आलं. मी बावन्न वर्षांचा दुकानदार, अंगठ्याएवढ्या त्या खिडकीकडं तोंड करून रडलो. त्याच्यासाठी नाही. एवढी वर्षं मी ज्याला सुख समजून वाटत होतो ते त्याला ओझं झालं होतं, आणि मला पत्ता नव्हता, म्हणून.

मालक कागद घेऊन आला. त्यानं आणि भावानं मिळून मला बाहेर काढलं. मी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणालो, "माफ करा. घ्यायची न्हाई." मालकानं कागद परत फाईलीत घातले. आमच्यासारखे त्यानं लई बघितले असतील.

रात्री लॉजवर राहिलो, सकाळी निघालो. वाटेत आम्ही काहीच ठरवलं नाही. ठरवायचं काय होतं? पनवेलमधलं 'न्हाई' काही कामाचं नव्हतं, ते घरात आणि गल्लीत ऐकू जायला हवं होतं, हे दोघांनाही कळत होतं. केज आलं तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, "गोळी घेतली का?" मी म्हणालो, घेतली.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. ओट्यावर आई होती, शेजारच्या दोन बायका वाती करत बसल्या होत्या. माझी मंडळी आणि धाकटी दारात आल्या. मी जीपमधून उतरलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "असली थेरं माझ्या घरात चालणार न्हाईत! एकट्याच्या मजेला गाडी पायजे तुला? आईला कुठं बसवणार, डिकीत?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्यानंही आवाज चढवला. माझी कमाई, माझी गाडी, तुमी कोण. आई उठली, मधे आली, तिला मंडळीनं धरलं. समोरच्या दारातून माणसं बाहेर आली. आणि मग, ओरडता ओरडता, माझ्या तोंडून गेलं, "तुला लहानाचा मोठा केला तेच चुकलं माझं!"

हे ढोंग नव्हतं, त्याला कळलं. मलाही कळलं. बाकीचं सगळं गल्लीसाठी होतं, पण तेवढं एक वाक्य कुठूनतरी खरंच आलं होतं. ते मी आजही परत घेऊ शकलेलो नाही, कारण घ्यायचं कुठं आणि कधी?

आठ दिवसांत तो केजला बिऱ्हाड करून गेला, लेकरं लातूरच्या शाळेत घातली. निघताना धाकटी माझ्या पाया पडली आणि बराच वेळ उठली नाही. आईनं तिला उठवून जवळ घेतलं. म्हणाली, "ह्या बिचारीचं काय चुकलं? भावाभावांनी गाडीपायी घर मोडलं." शेजारच्या बायकांनी माना हलवल्या. गावानं तेच उचललं. आज कुठं चार माणसं बसली की आमची गोष्ट निघते. पैसा आला की अशी बुद्धी होते, गाडीपायी भाऊ तुटले. धाकटीला एका शब्दानं कुणी बोललं नाही. गेल्या वर्षी तिच्या बहिणीचं लग्न चांगल्या घरात झालं.

आता झालंय असं की ते भांडण आम्हाला मोडता येत नाही. लगेच गोड झालो तर लोकांना वास येईल, असं कसलं भांडण होतं हे. त्यामुळं लग्नात तो एका पंगतीला, मी दुसऱ्या. कपिलधारला तो आधी जाऊन येतो, मी नंतर. फोन करतो कधी कधी, आईची तब्येत विचारायच्या निमित्तानं, पण फोनवर दोघांनाही जमत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं मी त्याला फक्त 'घे', 'कर', 'जा' म्हणत आलो. दुसरं काय बोलायचं असतं भावाशी, ते मला येतच नाही.

परवा बाजारच्या दिवशी तो दुकानासमोरून चालत गेला. एकटाच होता, हातात पिशवी, जरा वाळला होता. पायात नवी चप्पल होती. हाक मारायला मी तोंड उघडलं. पण काउंटरपाशी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी त्याला बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून युरियाचं बिल लिहायला घेतलं.